हृदयाच्या पेशींवर गणित करायचं तर नाशकात काय काय लागेल?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय ठरतोय: जिवंत हृदयपेशी हार्डवेअर म्हणून वापरायच्या. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात पिनार झोर्लुतुना यांच्या गटाने २०१७ साली हृदयाच्या स्नायुपेशी आणि फायब्रोब्लास्ट (ऊतकाला आधार देणाऱ्या पेशी) शेजारी शेजारी लावून 'जिवंत डायोड', म्हणजे सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, केला. पुढे त्याच गटाने अशा पेशींच्या ऑसिलेटरचं (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या घटकांचं) जाळं करून ग्राफ कलरिंगसारखा प्रश्न (जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग देणं) त्यावर टाकला. आमचा हिशेब साधा आहे: डायोड झाला की अँड-ऑर ही लॉजिक गेट झाली, ती झाली की बेरीज करणारा अ‍ॅडर झाला.

विचारायचं आहे ते असं. पेशी कोणत्या घ्यायच्या? सिग्नल द्यायचा आणि वाचायचा कसा? आणि नाशकात बसून यातलं किती जमेल? टीम चौघांची, तिघे इलेक्ट्रॉनिक्सचे, एक बायोटेकची. हातात सात महिने, खर्चाची मर्यादा साठ हजार. कॉलेजच्या बायोटेक लॅबमध्ये लॅमिनार हूड, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर आणि इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप आहे.

मिसळखोर
हार्डवेअर नव्हे, हार्टवेअर! चला, धाग्यावरचा पहिला पीजे आपल्या नावावर. आता जाणकारांनी बोलावं.

तपोवनी
गोदाकाठ, डायोडपासून अ‍ॅडरपर्यंतची उडी फार लांब आहे. आधी तो डायोड चालतो कसा ते बघा.

स्नायुपेशी उत्तेजनक्षम असते: उंबरठा ओलांडला की ती स्वतःचा पूर्ण सिग्नल तयार करते. फायब्रोब्लास्ट तसं करत नाही. तिच्यातून प्रवाह नुसता झिरपत जातो आणि वाटेत विरतो. दोघींना जोडतात ती गॅप जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींमधली बारीक दारं, मुख्यतः कनेक्सिन-४३ या प्रथिनाची. स्नायूच्या बाजूने ठोका दिला तर तो फायब्रोब्लास्टच्या पट्टीत थोडं अंतर शिरतो. उलट्या बाजूने दिला तर फायब्रोब्लास्ट पेटतच नाही, त्यामुळे पलीकडे काही पोचत नाही. एकदिशा मार्ग म्हणतात तो एवढाच. सिलिकॉनच्या डायोडसारखी करंट-व्होल्टेजची वळणरेषा शोधू नका, इथे दुकानच वेगळं आहे.

उंदराच्या पेशींवरच्या जुन्या प्रयोगांत (बर्नमध्ये रोर यांचा गट, २००३) फायब्रोब्लास्टच्या पट्टीतून ठोका साधारण ३०० मायक्रोमीटरपर्यंत पलीकडच्या स्नायूला पेटवू शकला, तोही बराच उशीर लावून. तो ३०० चा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

अंबड_सर्किट
ताईंनी जीवशास्त्र सांगितलं, मी अंकगणित सांगतो. अ‍ॅडरचं स्वप्न त्यातच बुडतं.

डिशमध्ये वाढवलेल्या पेशींच्या थरात लाटेचा वेग साधारण १० ते २० सेंटिमीटर प्रति सेकंद. एकदा ठोका पडला की पेशी जवळपास २०० ते ३०० मिलिसेकंद दुसऱ्या ठोक्याला दाद देत नाही. वेग गुणिले हा काळ म्हणजे लाटेची लांबी. १० सेंटिमीटर आणि २५० मिलिसेकंद धरले तर २.५ सेंटिमीटर. तुमची डिश ३५ मिलिमीटरची. म्हणजे अख्ख्या सर्किटमध्ये एका वेळी एकच पल्स कशीबशी मावणार. एकामागून एक पल्स रांगेने सोडणं विसरा. सेकंदाला दोन, फार तर तीन. त्याच्या वर गेलं की पेशी दर दोन पल्सला एकच ठोका देते आणि तुमचा क्लॉक निम्मा होतो.

गेट करता येत नाहीत असं नाही. अरुंद पट्टी एकदम रुंद चौकात उघडली तर पट्टीतल्या थोड्या पेशींचा प्रवाह चौकातल्या पुष्कळ पेशींना पुरत नाही आणि लाट तोंडाशीच विझते. तशा दोन पट्ट्या एकाच वेळी पोचल्या तर चौक पेटतो. हा झाला अँड. पण 'एकाच वेळी' म्हणजे काही मिलिसेकंदांच्या आत. दोन लाटा समोरासमोर आल्या तर दोन्ही मरतात, कारण दोघींच्या मागची जमीन नव्या ठोक्याला अजून दाद देत नसते. त्यावर एक्सॉर (दोनपैकी एकच इनपुट असेल तरच 'हो') बेतता येतो. बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की या रासायनिक माध्यमात टोथ आणि शोवॉल्टर यांनी अशी गेट १९९५ मध्येच मांडली होती.

मात्र तीन गेट एकामागे एक जोडली की प्रत्येक ठिकाणचा उशीर थोडा थोडा बदलतो, आणि तिसऱ्या गेटपाशी 'एकाच वेळी' नावाची गोष्टच उरत नाही.

रामसेज
+१. हृदयपेशी स्विच नाही, घड्याळ आहे. घड्याळाकडून स्विचचं काम करून घ्यायचं म्हणजे नांगराला घोडा जुंपणं. माहिती ठोका आहे की नाही यात ठेवू नका, ठोका कधी पडतो यात ठेवा. कपल्ड ऑसिलेटरचं गणित कुरामोतो यांनी १९७५ मध्ये दिलं: प्रत्येकाची आपली लय, आणि शेजाऱ्याशी फेजमध्ये (आवर्तनात कोण किती पुढे-मागे) जितका फरक त्याच्या साइनच्या प्रमाणात ओढ. ओढ कमी असेल तर प्रत्येकजण आपल्या तालात, एका मर्यादेपुढे गेली की सगळे एकत्र. प्रश्न जोडण्यांमध्ये लिहायचा आणि उत्तर फेजमध्ये वाचायचं.

द्राक्षबाग
म्हणजे आपलं ढोलपथकच की! साठ ढोल, कुणाचं टिपरू जरा पुढे, कुणाचं मागे, पण दोन मिनिटांत सगळे एका ठेक्यावर. नाशिक ढोलवाल्यांना यात पीएचडी द्यायला हवी.

रामसेज
द्राक्षबाग, उदाहरण झकास, पण एका जागी लंगडतं. पथकात ताशा सगळ्यांना ऐकू जातो. पेशीला फक्त हाताला हात लागलेला शेजारी कळतो. ढोलवाल्यांना कानात बोळे घालून, फक्त शेजाऱ्याच्या कोपराचा धक्का जाणवेल असं उभं केलं तर ते पेशींसारखं होईल. मग मिरवणुकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठेका लाटेसारखा सरकताना दिसेल.

ताशाचं काम हृदयात सायनस नोड करतो, साधारण दहा हजार पेशींचा पुंजका. डिशमध्ये तसा नेमलेला ताशेवाला नसतो. ज्या कोपऱ्यातल्या पेशींची लय सर्वांत जलद तो कोपरा आपोआप ताशा होतो, आणि मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदललं की मान दुसऱ्या कोपऱ्याकडे जातो. म्हणून इनपुट कुठून शिरतोय हे पक्कं हवं असेल तर बाहेरून पेस करावंच (पल्स देऊन ठेका धरायला लावावंच) लागतं, आपोआपच्या लयीपेक्षा १०-२० टक्के जलद.

पांडवलेणी
सगळे एका सुरात आले तर गणन कसलं? ग्राफ कलरिंगला शेजारी वेगळ्या रंगाचे हवेत, म्हणजे उलट्या फेजचे. गॅप जंक्शन तर शेजाऱ्यांना सारखं करतात. हे कोडं कुणी सोडवेल का?

रामसेज
नेमका प्रश्न. इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर, विशेषतः व्हॅनेडियम डायऑक्साइडचे, कपॅसिटरने जोडले की उलट्या फेजला जातात. रोधाने जोडले की सारख्या. गॅप जंक्शन हा रोधच. त्यामुळे पेशींत फेजचा फरक हवा असेल तर तो उशिरातून आणावा लागतो: मध्ये फायब्रोब्लास्टचा पूल, पूल लांब तसा उशीर जास्त, आणि एका मर्यादेनंतर पूल तुटलेलाच.

दुसरा मार्ग संकरित. इलेक्ट्रोडने 'अ' बेटाचा ठोका ओळखायचा, मायक्रोकंट्रोलरने अर्धं आवर्तन थांबायचं, मग 'ब' बेटाला पल्स द्यायची. त्रिकोणी ग्राफला तीन रंग लागतात, म्हणजे १२० अंशांचं अंतर, एका सेकंदाच्या लयीत ३३३ मिलिसेकंद.

अंबड_सर्किट
मग गणन मायक्रोकंट्रोलर करतोय, पेशी शेजारी बसून टाळ वाजवताहेत. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार.

रामसेज
अर्धी गोष्ट मान्य. पण पल्स केव्हा मानायची आणि केव्हा नाही हे पेशीच ठरवते. ठोक्यानंतर लगेच दिलेली पल्स वाया जाते, उशिरा दिलेली पुढचा ठोका अलीकडे ओढते. ही फेज-प्रतिसादाची वळणरेषा फुकट मिळालेली अरेषीयता आहे. तरी 'जोडणी चिपमधून दिली आहे' असं अहवालात पहिल्या पानावर लिहा. लपवू नका.

निफाडची_थंडी
पेशी कोणत्या घ्यायच्या याकडे येऊ या, कारण साठ हजारांची वाट तिथेच लागते.

मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे नेऊन केलेल्या स्टेम पेशी) हृदयपेशी: साधारण पद्धत अशी की पहिल्या दिवशी सीएचआयआर-९९०२१ हे रसायन, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात आयडब्ल्यूपी-२ हे दुसरं, इन्सुलिन नसलेल्या बी-२७ च्या आरपीएमआय मीडियममध्ये. सातव्या दिवसापासून इन्सुलिनसह. आठव्या ते बाराव्या दिवसात ठोके दिसू लागतात. ऐकायला सोपं. पण सीएचआयआरची मात्रा प्रत्येक लाइनला (पेशींच्या वाणाला) वेगळी बसते, ६ ते १२ मायक्रोमोलरच्या मध्ये कुठेतरी, आणि पेरणीची दाटी जरा हलली की पंचवीस टक्के पेशीही ठोके देत नाहीत. शिवाय २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेल समितीची मान्यता. सात महिने त्यातच जातील.

उंदराच्या नवजात पिल्लांच्या पेशी: वैज्ञानिक साहित्य सगळ्यात जास्त यांच्यावर, पण त्यासाठी नोंदणीकृत प्राणीगृह आणि प्राणी आचारसमितीची परवानगी लागते.

एच-९-सी-२: पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मिळणारी लाइन. 'हृदयाची' म्हणून लोक मागवतात आणि महिनाभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. ती ठोके देत नाही. ठोके देणारी लाइन एचएल-१, उंदराच्या कर्णिकेची, पण तिला खास मीडियम आणि त्यात नॉरएपिनेफ्रिन लागतं.

उरलं कोंबडीचं पिल्लू, म्हणजे सात-आठ दिवसांचा गर्भ. तुमच्यासाठी हेच. आचारसमितीला लेखी कळवा, 'अंडंच तर आहे' म्हणून गृहीत धरू नका. टाकाऊ ऊतक पिवळ्या पिशवीत.

मिसळखोर
किराणावाल्याकडच्या तीस अंड्यांच्या ट्रेतून भागेल का? उरलेल्याचं ऑम्लेट.

निफाडची_थंडी
नाही भागणार. दुकानातली अंडी फलित नसतात, लेयर फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत. हॅचरीकडून फलित अंडी मागायची, 'उबवणीची अंडी' म्हणायचं.

पद्धत: ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५-६० टक्के, अंडी दिवसातून काही वेळा फिरवायची. सातव्या-आठव्या दिवशी कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसून हूडमध्ये उघडायचं. हृदय वेगळं काढून, रक्त धुऊन, एक मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे. ०.०५ टक्के ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं विकर), ३७ अंशाला, पाच ते आठ मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या. पहिल्या फेरीचं पाणी टाकून द्या, त्यात रक्तपेशी आणि कचरा असतो. पुढच्या प्रत्येक फेरीचं पाणी लगेच सीरम असलेल्या थंड मीडियममध्ये, नाहीतर ट्रिप्सिन पेशी खात राहतं. मग साध्या कल्चर डिशमध्ये तासभर ठेवा: फायब्रोब्लास्ट आधी चिकटतात, स्नायुपेशी तरंगत राहतात. तरंगणाऱ्या उचलायच्या. चिकटलेल्याही फेकू नका, पुलासाठी त्याच लागणार आहेत. फायब्रोनेक्टिन (पेशी चिकटवणारं प्रथिन) लावलेल्या काचेवर चौरस सेंटिमीटरला एक ते दोन लाख पेरा. २४ ते ४८ तासांत ठोके.

नेहमीची चूक म्हणजे ट्रिप्सिनची फेरी 'जरा अजून' वाढवणं. मोजताना संख्या भरपूर दिसते, पण दुसऱ्या दिवशी निम्म्या तरंगत असतात. मोजताना ट्रायपॅन ब्लू वापरा, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

तपोवनी
थंडी यांनी सगळं नीट सांगितलं. भर एवढीच की फायब्रोब्लास्ट विभागत राहतात, स्नायुपेशी त्या मानाने कमी. सोमवारी आखलेलं सर्किट पुढच्या सोमवारी तेच राहत नाही. सीमा पुसट होतात, डायोडची बाजू कुठली ते कळेनासं होतं. वर फायब्रोब्लास्टचं विश्रांतीचं व्होल्टेज उणे २० ते ४० मिलिव्होल्ट, स्नायुपेशीचं बरंच खाली. जास्त फायब्रोब्लास्ट चिकटल्या की स्नायुपेशीला वर ओढतात, लाट मंदावते आणि भलत्या जागी ठोके उगवतात. पुलासाठीच्या फायब्रोब्लास्टना आधी विभागणी थांबवणारं मायटोमायसिन-सी द्या, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दोन ते तीन तास, मग तीन वेळा धुवा. नीट धुतलं नाही तर तेच औषध स्नायुपेशींना बाधतं. हातमोजे सक्तीचे.

सातपूर_स्टेन्सिल
आखणीबद्दल. सिलिकॉन वेफरवर एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या थराचा साचा हा राजमार्ग. आयआयटी मुंबईत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्यांना काम करता येतं, पण अर्ज आणि प्रशिक्षण धरून वेळ जातो. तुम्हाला ५० मायक्रोमीटरची रेघ नकोच आहे, तुम्हाला बेटं आणि पूल हवेत. मग स्टेन्सिल पुरे.

पीडीएमएस हे सिलिकॉन रबर, सिलगार्ड १८४, १० भाग बेस आणि १ भाग क्युअरिंग एजंट वजनाने. दोन मिनिटं जोरात घोटा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे जाईपर्यंत ठेवा, अर्धा मिलिमीटर जाडीला ओता, ७० अंशांना किमान दोन तास. कमी शिजलं तर न जुळलेले रेणू झिरपतात आणि पेशी मरतात, आणि दोष मात्र मीडियमला लागतो. त्यात एक मिलिमीटरची गोल भोकं, दोन भोकांमध्ये ठेवलेली भिंत म्हणजे तुमचा पूल.

कार्बन डायऑक्साइड लेझरने पीडीएमएस कापलं की कडांवर पांढरी भुकटी बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासोनिक बाथ देऊन काढा. ३०० मायक्रोमीटरपेक्षा बारीक भिंत लेझरने भरवशाची येत नाही, उष्णतेने वाकते. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, १२१ अंश, २० मिनिटं. अ‍ॅक्रिलिकचं काही घालू नका, पापडासारखं वाकेल.

गोदाकाठ
इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे स्टेन्सिल काचेवर, बेटांत स्नायुपेशी, २४ तासांनी स्टेन्सिल काढायचं, मग रिकाम्या जागेत फायब्रोब्लास्ट? आणि वाचायचं कशाने? ६० इलेक्ट्रोडची तयार प्लेट आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या आवाक्याबाहेर आहे.

सातपूर_स्टेन्सिल
हो, तोच क्रम. स्टेन्सिल मीडियमखाली बुडवूनच, चिमट्याने एका कोपऱ्यातून हळू उचला. हवेत उचललं की पृष्ठताणाने बेटाची कड सोलून निघते.

अंबड_सर्किट
वाचायला कॅमेरा. ठोका डोळ्यांना दिसतो, मग व्होल्टेजच्या मागे का लागायचं? मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावा, प्रत्येक बेटावर एक चौकोन आखा, सलग दोन फ्रेममधला फरक बेरजून आलेख काढा. पायथॉनमध्ये पन्नास ओळींचं काम.

अचूकता मोजून घ्या. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. एका सेकंदाच्या लयीत ते १२ अंश. ६० फ्रेमला ६ अंश. फेजसाठी भरपूर झालं. पण लाटेचा वेग मात्र यात दिसणार नाही: १० सेंटिमीटरच्या वेगाने एक मिलिमीटर म्हणजे १० मिलिसेकंद, एका फ्रेमच्याही आत.

उत्तेजनासाठी दोन कार्बनच्या दांड्या, एक ते दोन मिलिसेकंदांची पल्स, आणि दोन्ही दिशांची: आधी अधिक, मग तितकीच उणे. एकाच दिशेची सतत दिलीत तर पाण्याचं विघटन होतं, दांडीवर बुडबुडे, पीएच सरकतो, आणि अर्ध्या तासाने पेशी का थांबल्या म्हणून सर्किट तपासत बसाल. उंबरठा शोधा आणि त्याच्या दीडपट द्या. फक्त हे ध्यानात ठेवा की दांड्या अख्ख्या डिशला एकदम उठवतात. एकाच बेटाला उठवायचं तर बारीक इलेक्ट्रोड त्या बेटाशीच न्यावा लागेल.

निफाडची_थंडी
तापमान! यावर कुणीच बोललं नाही. ठोक्यांच्या लयीचा क्यू-टेन (दहा अंशांमागे वेग किती पट) दोनच्या आसपास धरला तर ३७ वरून ३४ ला उतरताच मिनिटाला ६० चे ४९ होतात. मायक्रोस्कोपच्या मंचावर उबदार पाट नसेल तर डिश बाहेर काढल्यापासून तुम्ही पेशी मोजत नाही, खोली थंड होण्याचा वेग मोजताय. डिसेंबरात तर बघायलाच नको.

उन्हाळ्यात उलटं. इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोली त्याच्या नेमलेल्या तापमानाहून साधारण पाच अंश तरी खाली हवी. एप्रिलच्या दुपारी खोली ३८ झाली की आतलं ३७ वर राहीलच कसं? त्या खोलीला एसी लागतो, आणि इन्क्युबेटरच्या मागे दमदार इन्व्हर्टर. वीज आली-गेली की कार्बन डायऑक्साइडचं वाचन पुन्हा तपासा.

बायकार्बोनेटचं मीडियम बाहेर दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी-जांभळ्याकडे झुकतं, म्हणजे पीएच वर चढला. चित्रणापुरतं हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घातलेलं किंवा एल-१५ मीडियम वापरा, ते साध्या हवेत टिकतं.

पांडवलेणी
हे सगळं वाचून एक शंका येते. पेशी नॅनोवॅटमध्ये भागवते म्हणून कौतुक, आणि तिला जिवंत ठेवायला इन्क्युबेटर, एसी, इन्व्हर्टर, मीडियम. एका ठोक्याच्या गणितामागे अख्खा बिऱ्हाड-बाजार. यापेक्षा ७४०० ची आयसी, चार नँड गेटची, अगदी स्वस्तात येते.

तपोवनी
ऊर्जेच्या मुद्द्यावर सहमत, आजच्या घडीला ती बचत कागदावरच आहे. पण नँड गेटशी तुलना अयोग्य. ही मंडळी सिलिकॉनला हरवायला निघालेली नाहीत. शरीराच्या आत, रक्तातल्या साखरेवर चालणारं, आजूबाजूच्या ऊतकाशी थेट बोलणारं काही हवं असेल तर सिलिकॉनला तिथे बॅटरी आणि वायर लागते. आणि चेतापेशींच्या तुलनेत एक सोय: मेलबर्नच्या चमूने २०२२ मध्ये डिशमधल्या चेतापेशींना पाँग हा व्हिडिओगेम खेळायला लावल्यावर 'तिला काही जाणवतं का' हा वाद उठला. हृदयपेशीबाबत तो उठत नाही. एकेका ठोक्याचा सिग्नलही शेकडो मिलिसेकंद टिकतो, साध्या कॅमेऱ्याने पकडता येतो.

मिसळखोर
म्हणजे हृदयाला भावना नसतात हे शेवटी सिद्ध झालं. तमाम कवींना कळवा.

द्राक्षबाग
अवांतर: स्मृती कशी ठेवणार? बंद केलं की गेलं?

अंबड_सर्किट
अवांतर कसलं, उत्तम प्रश्न. पेशींचं कडं करा आणि त्यात लाट एकाच दिशेने सोडा. ती फिरत राहते: फिरतेय म्हणजे १, थांबलीय म्हणजे ०. अट एवढी की कड्याचा परीघ लाटेच्या लांबीपेक्षा मोठा हवा, नाहीतर डोकं शेपटाला धडकतं. वरच्या २.५ सेंटिमीटरने व्यास किमान ८ मिलिमीटर. एक बिट, आठ मिलिमीटर! पुसायचं तर लाटेच्या शेपटामागे नेमक्या वेळी एक पल्स. कल्पना नवी नाही: मेयर यांनी जेलीफिशच्या कड्यात आणि माइन्स यांनी १९१३ च्या सुमारास हृदयाच्या ऊतकाच्या कड्यात अशी फिरती लाट दाखवली. डॉक्टर मंडळी तिलाच रीएंट्री म्हणतात आणि रुग्णात दिसली की घाबरतात.

मिसळखोर
एकाची मेमरी, दुसऱ्याचा अ‍ॅरिदमिया. आणि डिफिब्रिलेटर म्हणजे रीसेटचं बटण.

क्रायोकॅन
साठवणीबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट गोठवून ठेवता येतात: ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंशाने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. द्रव नायट्रोजन नाशकात अडचणीचा नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात ते क्रायोकॅन इथल्याच अंबडला बनतात. एक छोटा कॅन आणि ठरलेल्या दिवशी भरणा. गर्भाच्या स्नायुपेशी मात्र गोठवू नका, दर प्रयोगाला ताजी अंडी. अनोळखी पेशींसाठी मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी आधी, इन्क्युबेटर नंतर.

गोदाकाठ
मूळ प्रश्नाकडे परत येतो. अ‍ॅडर सोडून दिला. आता असं ठरवावं का: दोन बेटं, मधला पूल ३०० आणि ६०० मायक्रोमीटर असे दोन प्रकार, आणि फेज जुळतो का, किती उशिराने, एवढंच मोजायचं?

तपोवनी
आता जमलं. ३०० ला जुळेल किंवा नाही, ६०० ला जुळू नये. दोन्ही निकाल अहवालात लिहिण्याजोगे. कोंबडीच्या पेशींत मर्यादा उंदरासारखीच येईल असं धरून चालू नका, तेच तर मोजायचं आहे. पण तीन कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) हवेतच.

एक, पूल रिकामा ठेवलेली डिश. दोन, गॅप जंक्शन बंद करणारं औषध, हेप्टॅनॉल किंवा कार्बेनॉक्सोलोन: जुळलेला फेज ते घातल्यावर सुटला आणि धुतल्यावर परत आला तरच जोडणी विजेची. तीन, पेशी कडक काचेवरच ठेवा. मऊ जेलवर पेशी एकमेकींना नुसत्या ओढीनेही तालात आणतात, मग तुम्ही वीज मोजली की ताण, कळणार नाही.

रामसेज
आणि योगायोगाला जुळणं समजू नका. एकाच डिशमधली बेटं तशीही सारख्याच लयीची असतात. एक ६० ने, दुसरं ६६ ने चालत असेल तर मिनिटात सहा वेळा ती आपोआप जुळून सुटतात. दहा सेकंदांचा व्हिडिओ दाखवून 'सिंक झालं' म्हणाल तर फसाल. किमान दहा मिनिटं चित्रण, फेजमधल्या फरकाचा आलेख. खरंच जुळलं असेल तर रेघ आडवी, नसेल तर जिन्यासारखी चढत जाते.

अंबड_सर्किट
तिघे इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले दोन महिने काय करणार? ५५५ या टायमर आयसीचे सहा ऑसिलेटर लावा. आर-१ १० किलोओहम, आर-२ ६८ किलोओहम, १० मायक्रोफॅरॅड: हर्ट्झच्या जवळ येतो. टायमिंग कपॅसिटर आपसांत ४७० किलोओहमने जोडा, मग मोठा-छोटा करून बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्क्यांनी इकडेतिकडे असतात, त्यामुळे प्रत्येकाची लय आपोआप वेगळी येते. पेशींसारखीच. १९२८ मध्ये व्हान डेर पोल आणि व्हान डेर मार्क यांनी निऑनच्या दिव्यांवर हृदयाचं असंच विजेचं मॉडेल केलं होतं. व्हिडिओतून फेज काढण्याचा तुमचा प्रोग्रॅम आधी या सहा एलईडींवर तपासा. तिथे खरं उत्तर ऑसिलोस्कोपवर दिसतं, पेशींवर दिसणार नाही.

पांडवलेणी
हे आवडलं. सोबत संगणकावर उत्तेजनक्षम पेशीचं फिट्झह्यू-नागुमो मॉडेलही चालवा. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये फेरान्टी मर्क्युरी संगणकावर हृदयपेशी चालवली होती. तुम्ही हृदयपेशीवर संगणक चालवायला निघालात, निदान परतफेड तरी होईल.

निफाडची_थंडी
वेळापत्रकात एक गोष्ट टाका. अंडी पोचण्याच्या दिवसापासून मोजा: ८ दिवस उबवणी, १ दिवस पेरणी, १ दिवस स्टेन्सिल, २ दिवस पूल जुळायला, मग दोन-तीन दिवस मोजमाप. एक फेरी दोन आठवड्यांची. सात महिन्यांतले दोन ५५५ आणि कागदपत्रांत, एक परीक्षेत. उरले चार, म्हणजे आठ फेऱ्या, त्यातल्या पहिल्या तीन बुरशीत आणि ट्रिप्सिनमध्ये जाणार हे आताच धरा. मोजमाप मार्चच्या आत उरका, एसीचं बिल वाचेल.

गोदाकाठ
नोंदवलं. पहिल्या फेरीसाठी किती अंडी मागवू?

निफाडची_थंडी
दोन डझन. फलित म्हणून दिलेल्यांतली काही निघत नाहीत. पाचव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा, लाल जाळं दिसलं नाही ते बाजूला काढा.

मिसळखोर
बाजूला काढलेल्यांचं ऑम्लेट...

निफाडची_थंडी
पाच दिवस ३८ अंशांवर ठेवलेल्या अंड्याचं? तुम्हीच खा.